प्रवेश-खिडकीतले बिरादारसाब

बिरादारसाब प्रवेशाचा फॉर्म आई-बापांच्या हातात देत नसत. कितीही मोठा माणूस खिडकीशी आला, पोलिसातला आला, नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन आला, तरी ते आधी मान वाकडी करून त्याच्या मागे कोण उभे आहे ते बघत. मागे उभा असलेला पंधरा-सोळा वर्षांचा जीव बहुतेक वेळा मोबाइलमध्ये नाहीतर स्वतःच्या बुटांकडे बघत असे. बिरादारसाब त्याला पुढे बोलावत, फॉर्म त्याच्या हातात देत आणि पालकांना म्हणत, "तुमी जरा समोर चहा घेऊन या. इराणी आहे, चांगला आहे." पालक परत येईपर्यंत पोराशी त्यांचे बोलणे झालेले असे.

माझी त्यांची पहिली भेटही त्याच खिडकीशी झाली. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून हैदराबादला, चिक्कडपल्लीत राहायला आलो होतो आणि कॉमर्स शिकवायला माणूस हवा आहे असे कळल्यावर मी जामबागेजवळच्या या कॉलेजात अर्ज द्यायला गेले होते. नरहरराव बिरादारांनी माझ्याकडे बघितले, माझ्या मागे बघितले, मागे कोणीच नव्हते. मला ते विद्यार्थ्याची आई समजले. "पोरगं कुठाय?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, मी नोकरीसाठी आले आहे. त्यावर त्यांनी माझा अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाले, "तरी बी विचारतो. कॉमर्स तुमी सवता निवडलं, का घरच्यांनी?" या प्रश्नाचे उत्तर देण्याचे माझे वय उलटून गेले होते. पण माझ्या वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला हे खरे. मराठी माणूस भेटला याचा आनंद होण्याऐवजी त्याच्या मराठीचे व्याकरण मनातल्या मनात दुरुस्त करत मी बाहेर पडले.

आमचे कॉलेज म्हणजे एका इमारतीतली दोन कॉलेजे. तळमजला आणि पहिला मजला इंटरचा, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीचा. वरचे दोन मजले डिग्रीचे. इथे शाखांना ग्रुप म्हणतात आणि ग्रुप अक्षरांनी ओळखले जातात. एम.पी.सी. म्हणजे गणित-भौतिक-रसायन, बाय.पी.सी. म्हणजे डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांचा, सी.ई.सी. म्हणजे नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य, आणि एच.ई.सी. म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, नागरिकशास्त्र. या अक्षरांची आपापसात जातव्यवस्था आहे. एम.पी.सी.चे पालक एच.ई.सी.च्या पालकांशेजारी बाकावर बसायलाही थोडे बिचकत. संस्थेच्या कारभाऱ्याला इथे करस्पॉन्डंट म्हणतात. त्यांचा पत्रव्यवहार कोणाशी चालतो हे मला इतक्या वर्षांत कळलेले नाही, पण दर उन्हाळ्यात त्यांना एक नवा कोर्स सुचत असे, हे मी पाहिले आहे.

मी लागले तेव्हा वरच्या मजल्यांवर साधे बी.कॉम. होते. मग बी.कॉम. कॉम्प्युटर्स आले, मग बी.कॉम. बिझनेस ॲनालिटिक्स, मग बी.बी.ए. रिटेल. मी चारही ठिकाणी एकच विषय शिकवत होते: व्यावसायिक पत्रलेखन. त्याचे नाव मात्र चार ठिकाणी चार. संख्याशास्त्राचे वेंकटेश्वर्लू सर एका सोमवारी आले, तर त्यांच्या दारावर 'विभागप्रमुख, डेटा सायन्स' अशी पितळी पाटी लागलेली. ते बिचारे दाराबाहेरच थांबले. आपली खोली दुसऱ्या कोणाला दिली असे त्यांना वाटले. मग वर्षभर ते आदल्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ बघून दुसऱ्या दिवशी तेच शिकवत राहिले. बिरादारसाबांनी ती पाटी वाचली आणि मला म्हणाले, "पाटी बदलली म्हणून बारवंचं पानी गोड होत नसतं, मॅडम." मग जरा थांबून, "आणि वेंकटेश्वर्लूंचं पानी पहिल्यापासून गोडच होतं. उगा ढवळलं."

खिडकीवर त्यांचे बोलणे ऐकायला मी मधल्या सुट्टीत मुद्दाम थांबायला लागले. एकदा अंबरपेठेतला एक हार्डवेअरवाला मुलाला पुढे डेटा सायन्सला घालायचे म्हणून एम.पी.सी.चा फॉर्म मागायला आला. बिरादारसाबांनी त्याला विचारले, डेटा म्हणजे काय ते माहीत आहे का. तो म्हणाला, हो, मोबाइलमध्ये असतो तो, संध्याकाळपर्यंत संपतो. बिरादारसाब गंभीरपणे म्हणाले, "हौ. वर बी तेच आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत संपतो." मग बापाला चहाला पाठवून त्यांनी मुलाला बसवले. पोरगा दुकानातल्या स्क्रूंचे माप डोळ्यांनी सांगायचा. वीस मिनिटांनी तो सी.ई.सी.चा फॉर्म भरून बाहेर आला आणि बाप चहा पिऊन आला तो आधीच थोडा निवळलेला होता. इराणी चहाचे यात किती आणि बिरादारसाबांचे किती, याचा निवाडा मी करणार नाही.

"ग्रुप म्हंजे चप्पल आहे," ते पोरांना सांगत. "दुकानात चांगलीच दिसती. चावती घरी गेल्यावर."

त्यांचे आजोबा भालकीकडचे, तूर पिकवणारे. वडील शेत भावांवर टाकून हैदराबादला बियाण्यांच्या दुकानात कामाला आले आणि अंबरपेठेत राहिले. कोणी चुलतभाऊ जनावरांचा डॉक्टर झाला होता, म्हणून नरहररावांना बाय.पी.सी.ला घातले गेले. याच कॉलेजात. ते तीनदा नापास झाले. "मला बेडूक कापता आला नाही," ते म्हणत. "मी त्याच्याकडं बघायचो, तो माझ्याकडं. दोघांना एकमेकांची दया यायची." तिसऱ्या वेळी निकाल बघायला आले ते त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला कामाला लागले. मी एकदा विचारले, की मग तुम्हाला खरे काय शिकायचे होते? त्यांनी रजिस्टरची ओळ पुरी केली, शाई वाळू दिली. "मालूम नाही," ते म्हणाले. "कोनी विचारलंच नाही. त्यामुळं मला बी कळलं नाही."

हे सगळे मला फार आवडत असे. स्टाफरूममध्ये मी त्यांच्या गोष्टी नकलेसकट सांगत असे. पुण्याला गेले की भावजयीला, मैत्रिणींना सांगत असे. दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत बिरादारसाब मला ऋषितुल्य वाटत.

मग माझी मुलगी सई दहावी झाली.

सईला गणितात उत्तम मार्क होते, एवढाच तिचा गुन्हा. आमच्या घरात एम.पी.सी. हा निर्णय नव्हता, ते गृहीतच होते, जसे सकाळी दूध येणार हे गृहीत असते. सई अभ्यासात बरी होती, पण तिला एक खोड होती. आमच्या इमारतीत चोवीस घरे, आणि प्रत्येक घरातली माणसे मूळची कुठली, कधी आली, का आली, आधी कोण आले आणि मागून कोणाला बोलावले, हे ती विचारत सुटे आणि एका लांब वहीत लिहून ठेवी. तळमजल्यावरचे मारवाडी, तिसऱ्यावरचे वरंगलचे रिटायर्ड मास्तर, आमच्या समोरच्या फातिमा आपा, सगळे तिला बसवून घेऊन तासतासभर सांगत. मी याला भोचकपणा म्हणत असे. तिचे मराठी लेखन इतके अशुद्ध, की ती वही मी कधी दोन पानांपुढे वाचली नव्हती.

प्रवेशाच्या दिवशी मी स्टाफची म्हणून रांग टाळून थेट खिडकीत गेले आणि एम.पी.सी.चा फॉर्म मागितला. बिरादारसाबांनी तो सईच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "मॅडम, चहा."

मी हसले. मला वाटले, ते गंमत करत आहेत. ते करत नव्हते. मी म्हणाले, बिरादारसाब, आमचे ठरले आहे. ते म्हणाले, ठरले असेल तर बदलणार नाही, मग चहा प्यायला काय हरकत. मी गेले. मी तो चहा उभ्याउभ्या, जीभ भाजून घेत प्यायले. परत आले तेव्हा सईच्या फॉर्मवर एच.ई.सी. लिहिलेले होते आणि ती लांब वही बिरादारसाबांच्या टेबलावर उघडी होती. तिने ती दप्तरात घालून आणली होती, हेही मला माहीत नव्हते.

"ही पोरगी लोकांचा इतिहास लिहू लाली, मॅडम," ते म्हणाले. "हिला फिजिक्समध्ये घालून काय करू लाले तुमी?"

मागे रांगेत माझे दोन विद्यार्थी उभे होते. मी तो फॉर्म फाडला, दुसरा घेतला, स्वतः भरला आणि सईची सही घेतली.

तेवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण मी व्यावसायिक पत्रलेखन शिकवणारी बाई. त्या रागात मी करस्पॉन्डंटना चोख इंग्रजीत एकपानी तक्रार लिहिली. प्रवेशाच्या कामावरचा एक लिपिक अल्पवयीन विद्यार्थ्यांवर अवाजवी प्रभाव टाकतो, पालकांना हेतुपुरस्सर बाहेर पाठवतो, आणि त्यामुळे संस्थेच्या प्रतिमेला बाधा येते. मुद्देसूद, तीन परिच्छेद. हे पत्र मी वर्गात नमुना म्हणून शिकवले असते तर विद्यार्थ्यांचा फायदा झाला असता.

करस्पॉन्डंट अशा पत्राची वाटच पाहत होते. बिरादारसाबांमुळे नव्या कोर्सांच्या जागा भरत नाहीत हे त्यांना माहीत होते, पण काढायला कारण नव्हते. आता कारण आले, तेही स्टाफमधून, तेही शुद्ध इंग्रजीत. आठवड्याच्या आत खिडकीत टाय लावलेला एक तरुण 'ॲडमिशन काउन्सेलर' बसला. त्याच्याकडे टॅबलेट होता. पालकाने काहीही विचारले तरी त्यातून 'उज्ज्वल भवितव्य' बाहेर येई. त्या वर्षी डेटा सायन्सच्या सगळ्या जागा भरल्या, तो हार्डवेअरवाला धाकट्या मुलाला घेऊन आला आणि पाच मिनिटांत मोकळा झाला. चहावाल्याने मला विचारले, की हल्ली तुमच्याकडचे लोक का येत नाहीत.

बिरादारसाबांना तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये पाठवले. तिथे कॉलेज सोडून जाणाऱ्यांचे दाखले, म्हणजे टीसी, लिहायचे. त्यांनी कोणाकडे काही तक्रार केली नाही. जिन्यात भेटले की ते आधीसारखेच "नमस्कार मॅडम" म्हणत आणि मी आधीपेक्षा घाईने वर जात असे.

डिसेंबरात एका दुपारी स्टाफरूममधला इंटरकॉम वाजला. बिरादारसाब होते. खाली याल का, म्हणाले. मी गेले. खोलीत छतापर्यंत लाल फडक्यांत बांधलेली रजिस्टरे आणि मध्ये एक टेबल. त्यांनी मला खुर्ची दिली आणि एक कागद पुढे सरकवला. टीसीचा अर्ज होता, सईचा. खाली पालक म्हणून माझी सही होती.

"तुमची सही तिनंच केली," ते म्हणाले. "चांगली केली. तुमच्यापेक्षा साफ आहे."

ते सांगत होते, मुलगी दोन महिने मधल्या सुट्टीत इथे येऊन बसते. जुनी रजिस्टरे वाचते. कोणाचा बाप काय करत होता, कोणत्या गावाहून आला होता, ते उतरवून घेते. वर वर्गात तिला काही कळेनासे झाले आहे, घरी सांगायची हिंमत नाही, म्हणून तिने कॉलेजच सोडायचे ठरवले. कुठे जाणार हे ठरवलेले नाही. "हा अर्ज मी घेतला नाही," ते म्हणाले, "आणि फाडला बी नाही. फाडायचं काम माझं नाही."

ते टोमणा म्हणून बोलले की सहज, मला आजही ठरवता येत नाही. मी म्हणाले, "बिरादारसाब, तुमची तक्रार मीच केली होती."

"हौ. मीच आवक केली."

पत्र लिहिताना हे माझ्या लक्षातच आले नव्हते. करस्पॉन्डंटच्या नावाने येणारा प्रत्येक कागद आधी कार्यालयात उघडला जाई, त्याच्यावर क्रमांक आणि शिक्का पडे, आणि ते काम बिरादारसाबांचे होते. म्हणजे माझे पत्र त्यांनी उघडले, वाचले, रजिस्टरात नोंदले आणि स्वतःच्या पायांनी वर नेऊन दिले.

"इंग्रजी चांगलं होतं," ते म्हणाले. "दोन शब्द लागले नाहीत, ते वेंकटेश्वर्लूंना विचारले. कोनाबद्दल आहे ते नाही सांगितलं."

मी रडले असे लिहायला हवे, पण मी रडले नाही. मी विचारले, आता काय करू? एवढी वर्षे शिकवणाऱ्या बाईने रेकॉर्ड रूममध्ये बसून कारकुनाला विचारावे, आता काय करू.

"मला कायकू विचारू लाले? तिला विचारा," ते म्हणाले. "आणि विचारून झाल्यावर गप्प बसा. पुण्याच्या लोकांना विचारता येतंय, मॅडम. गप्प बसता येत नाही."

त्या संध्याकाळी मी विचारले आणि गप्प बसले. ते किती अवघड असते ते ज्याने केले आहे त्यालाच कळेल. दोनदा वाक्य ओठांपर्यंत आले आणि मी पाणी प्यायले. सई आधी माझ्याकडे संशयाने बघत होती. मग बोलायला लागली, मराठी, इंग्रजी, हिंदी, जे येईल त्यात. शेवटी तिने फिजिक्सची वही आणून दाखवली. पुढच्या बाजूला फळ्यावरून उतरवलेली, अर्धी सोडलेली गणिते. मागच्या बाजूला फिजिक्सच्या सरांचे मूळ गाव, त्यांचे आजोबा, आजोबांनी गाव सोडण्याचे कारण, दुष्काळ की भाऊबंदकी याबद्दल एक प्रश्नचिन्ह. पहिल्यांदाच मी तिचे लिहिलेले शेवटपर्यंत वाचले. ऱ्हस्व-दीर्घ सगळे चुकलेले होते. बाकी काही चुकले नव्हते.

एम.पी.सी. सोडून एच.ई.सी. घ्यायचे ठरले, त्यात तिचे एक वर्ष गेले. नवऱ्याने दोन दिवस जेवताना फोन बघितला आणि तिसऱ्या दिवशी तिला विचारले, की आपल्या घराण्याचे तुझ्याकडे काय आहे? पुण्याहून फोन आले. "हिस्टरी? बरं. आणि पुढे?" सगळ्यांचा 'पुढे' एकाच सुरात असे. आमच्या कॉलेजातला एच.ई.सी. ग्रुप तोवर बंद झाला होता; त्या वर्गात 'इनोव्हेशन लॅब' उघडली होती, म्हणजे बाक काढून रंगीत खुर्च्या ठेवल्या होत्या. त्यामुळे स्वतःच्या कॉलेजातून स्वतःच्या मुलीला काढून सरकारी कॉलेजात घालण्याचा मान मला मिळाला. टीसी बिरादारसाबांनीच लिहिला. कॉलेज सोडण्याचे कारण या रकान्यात ते सगळ्यांना 'पुढील शिक्षणासाठी' असे लिहीत. सईचेही तसेच लिहिले आणि म्हणाले, "आज पहिल्यांदा हे खरं लिहू लालो."

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. इनोव्हेशन लॅबमध्ये निरोपसमारंभ झाला. करस्पॉन्डंटनी त्यांना शाल घातली आणि भाषणात त्यांचे नाव नरसिंहराव असे घेतले. मानचिन्हावरही तेच कोरलेले असल्याने आता सुधारण्यात अर्थ नव्हता. उत्तरादाखल बिरादारसाब दोनच वाक्ये बोलले. त्यांच्या हातून ज्या पोरांची ॲडमिशन चुकीच्या जागी झाली, त्यांची ते माफी मागतात. आणि जे चुकीच्या जागी असूनही खिडकीपर्यंत परत आले नाहीत, त्यांची जास्त. लोकांना हा विनोद वाटला. टाळ्या झाल्या. वेंकटेश्वर्लू सरांनी मात्र चष्मा काढून पुसला.

मागच्या थंडीत बिरादारसाब गेले. दोन दिवसांचा ताप, आणि गेले. अंबरपेठेतल्या त्यांच्या घरी मी आणि सई गेलो, तर गल्लीत उभे राहायला जागा नव्हती. मोठी म्हणावीत अशी माणसे त्यात कोणी नव्हती. एक बसचा कंडक्टर, एक नर्स, वीणा दुरुस्त करणारा एक जण, बँकेतली दोघे. हार्डवेअरवाल्याचा थोरला मुलगा खुर्च्या लावत होता. सई कोणाकोणाशी बोलत होती, आणि या वेळी मी तिला भोचकपणा म्हटले नाही.

महिन्याभराने करस्पॉन्डंटनी मला बोलावले. त्यांना नवा कोर्स सुचला होता: 'नरहरराव बिरादार स्मृती सर्टिफिकेट कोर्स इन करिअर काउन्सेलिंग'. सहा आठवडे, ऑनलाइन. नाव या वेळी बरोबर होते. त्याची समन्वयक मी, कारण दिवंगतांशी माझे घरोब्याचे संबंध होते. आधी माहितीपत्रकासाठी त्यांचा एक चांगला फोटो आणायचा.

मी बिरादारसाबांच्या पत्नीकडे, वहिनींकडे गेले. बिरादारवहिनींनी सगळे ऐकून घेतले. हातातली मेथी निवडून झाली तेव्हा म्हणाल्या, "त्यांच्या नावानं पोरांना काय शिकिवणार?"

मी म्हणाले, पोरांना योग्य सल्ला कसा द्यायचा ते.

"ते कुठं सल्ला द्यायचे?" वहिनी म्हणाल्या. "ते तर ऐकायचे. घरी येऊन सांगायचे मला, आज असं असं पोरगं आलं होतं." मग त्या उठल्या, निवडलेली मेथी फडक्यात गुंडाळली. "फोटो नक्को देऊ वाटतंय, मॅडम. तुमी राग धरू नका."

मी राग धरला नाही. माहितीपत्रक फोटोशिवाय निघाले. त्यांच्या जागी काळा झगा घातलेला, टोपी हवेत उडवणारा कुठल्यातरी परदेशातला तरुण छापला होता आणि खाली मोठ्या अक्षरांत बिरादारसाबांचे नाव होते. सईने ते पान बघितले आणि आधी खूप हसली. मग तिने ते पालथे ठेवले.

"आई, तू हे चालवणार आहेस?" तिने विचारले.

मी सांगितले, की नाही, सकाळीच नाही म्हणून आले. करस्पॉन्डंटनी कारण विचारले तेव्हा मला एकही चोख इंग्रजी वाक्य सुचले नाही. मला हे करायचे नाही, एवढेच म्हणाले, आणि ते म्हणताना लक्षात आले, की कॉलेजात काय करायचे आणि काय नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः ठरवले होते.